बोजारहित

वकिलाची आणि शेतजमिनीची ओळख बहुधा कागदावरचीच असते. चतुःसीमा आम्ही वाचतो. बांधावर मात्र क्वचितच उभे राहतो. तीस वर्षांचे दस्त चाळावयाचे, कोणाचे गहाण केव्हा फिटले, वाटणी कधी झाली, एखाद्या विधवेचा पोटगीचा हक्क जमिनीवर उरला आहे की काय हे पाहावयाचे, आणि शेवटी ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे’ असे वाक्य लिहून खाली सही करावयाची, हा आमच्या व्यवसायातला नित्याचा विधी आहे. ग्वाल्हेरास आमच्या वडिलांच्या वेळेपासून हे वाक्य आमच्या कचेरीतून किती वेळा बाहेर पडले असेल, त्याची गणती नाही. त्यांपैकी एका वाक्याने पुढे आम्हांस बरेच हिंडविले. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. विषय गव्हाच्या मुळांचा आहे खरा. पण देवस्थानाच्या जमिनी ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्या वाचकांस तो अगदीच परका वाटू नये.

लश्करातील एक व्यापारी आमचे जुने पक्षकार. घराणे मूळचे राजस्थानातील, सीकर जिल्ह्यातील एका गावचे. चार पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, भाषाही निम्मी बदलली. पण कुलदेवीचे लहानसे देऊळ त्या गावात आहे आणि मुलांची जावळे काढावयास घरची मंडळी अजून तेथेच जातात. शेटजींच्या मनात आले की, देवीच्या नैवेद्याला गहू बाजारातून आणावा लागतो हे बरे नव्हे. देवीचे स्वतःचे शेत असावे. गावातच सात बिघ्यांचा तुकडा विकाऊ होता. कूपनलिका होती, वाट होती, भाव बेताचा होता. कागद आमच्याकडे आले, आम्ही ते तपासले, आणि आमचे ते ठरलेले वाक्य लिहून दिले. २०१६ च्या पावसाळ्याअखेर खरेदीखत झाले आणि दसऱ्याच्या दिवशी शेटजींनी शेत देवीस अर्पण केले.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगितला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या अस्वस्थतेचे मूळ त्यात आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिच्या नावे मिळकत राहते, ती दावा लावू शकते. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या प्रकरणात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, मूर्ती म्हणजे हलवावी तशी हलविण्याची जंगम वस्तू नव्हे, तिच्याही इच्छेचा विचार झाला पाहिजे, असे म्हटले होते. मात्र ही व्यक्ती नित्य अज्ञान मानली जाते. अज्ञान म्हणजे अर्थातच कायद्याच्या भाषेत वयाने लहान. मनुष्याचा अज्ञानपणा अठराव्या वर्षी संपतो, देवतेचा कधीच संपत नाही. म्हणून तिच्या वतीने व्यवहार करणारा प्रत्येक जण, मग तो पुजारी असो, महाजन असो, विश्वस्त असो की वकील असो, पालकाच्या जागी असतो. आम्ही शेटजींना दाखला दिला होता असे आम्ही समजत होतो. तो दिला होता देवीला.

जानेवारीत शेटजींचा निरोप आला. “वकीलसाहेब, देवीच्या शेतात गहू उगवला आहे, पण उभा राहत नाही.” प्रथम पाण्याचा दोष वाटला, मग खताचा, मग बियाण्याचा. पाणी दिले, युरिया दिला. हिरवे होते ते अधिक हिरवे झाले आणि पिवळे होते ते पिवळेच राहिले. शेटजींचे चिरंजीव तडफेचे आहेत. त्यांचे म्हणणे असे की विकणाऱ्याने काहीतरी लपविले. त्याला नोटीस गेलीच पाहिजे. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता असे नाही. संपत्ती हस्तांतरणाच्या १८८२ च्या अधिनियमातील पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे, मिळकतीत असलेला असा महत्त्वाचा दोष, की जो विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि घेणाऱ्याने सामान्य काळजी घेऊनही जो त्याला दिसला नसता, तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आम्ही नोटीस लिहिली. बरी उतरली होती. पण पाठविण्यापूर्वी ‘ठाऊक होते’ या दोन शब्दांस पुरावा हवा होता. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही स्वतः त्या गावी गेलो. पंधरा वर्षांच्या वकिलीत पक्षकाराच्या शेतात प्रथमच बूट काढून उतरलो.

जमीन वालुकामय, मुठीत घेतली तर बोटांतून निसटणारी. गहू कोठे गुडघ्यापर्यंत आलेला, तर कोठे जेमतेम वीतभर. ठेंगणी, फिकट झाडे शेतभर विखुरलेली नव्हती; चट्टे पडले होते, एखाद्या कापडावर ओल चढावी तसे कडा नसलेले. शेजारच्या शेतातला एक म्हातारा शेतकरी आमच्याबरोबर आला. त्याने फार विचार केला नाही. खुरप्याने एक ठेंगणे झाड मातीसकट काढले, पाटाच्या पाण्यात हलक्या हाताने धुतले, आणि आमच्या पुढे धरून म्हणाला, “मोल्या.”

गव्हाचे मूळ आम्ही असे पूर्वी पाहिले नव्हते, त्यामुळे निरोगी मूळ कसे असते हेही त्याने दुसरे झाड काढून दाखविले. निरोगी मुळे लांब, सुटी आणि खाली धावणारी. या झाडाची मुळे आखूड, ठिकठिकाणी फुगीर, आणि लोकरीचा गुंता व्हावा तशी एकमेकांत अडकलेली होती. त्या गुंत्यावर पांढरे चमकदार ठिपके दिसत होते. खसखशीचे दाणे चिकटावेत तसे. प्रत्येक ठिपका म्हणजे अंड्यांनी भरलेली एक मादी आहे, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक होते की नाही कोण जाणे. पण हे ठिपके माघात दिसतात, पुढे तांबूस होऊन मातीत पडतात, आणि ज्या शेतात पडतात तेथे पुढचा गहू बसतो, एवढे त्याने सांगितले. शास्त्राने यात जी भर घातली आहे, ती तपशिलाची आहे.

तो तपशील असा. हा सूत्रकृमी आहे. म्हणजे दोऱ्यासारखा, पण डोळ्यांनी न दिसणारा किडा. शास्त्रीय नाव हेटेरोडेरा अ‍ॅव्हेनी. धान्याच्या मुळांवर तो जर्मनीत क्यून यांना १८७४ साली आढळला होता. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५८ सालची, वासुदेव या वनस्पतिरोगतज्ज्ञांची, आणि ती याच सीकर जिल्ह्यातील नीम का थाना भागातली. आम्ही ज्या तुकड्याला निर्वेध ठरविले होते, तो या रोगाच्या माहेरातच होता म्हणावयाचे. पेरणीनंतर थंडी पडली की अंड्यांतून सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची पिले बाहेर येतात आणि कोवळ्या मुळाच्या टोकाशी आत शिरतात. मादी एकदा जागा धरून बसली की हलत नाही. ती मुळाच्या काही पेशी एकमेकींत विरघळवून आपल्यासाठी जणू एक दुभती गाय तयार करते आणि जन्मभर तिच्यावर पोसली जाते. फुगत फुगत तिचे शरीर लिंबाच्या आकाराचे होते, मुळाची साल फोडून बाहेर डोकावते, आणि हेच ते पांढरे ठिपके. मेल्यावर तिचे कातडे कडक, तपकिरी होते आणि त्या कोषात शेकडो अंडी सुरक्षित राहतात. राजस्थानचा उन्हाळा त्या कोषावरून जातो. पुढच्या थंडीत काही अंडी फुटतात, सगळी फुटत नाहीत. उरलेली त्याच्या पुढच्या वर्षासाठी असतात. गहू नसला तरी कोष वर्षानुवर्षे वाट पाहतो. मुदतीच्या कायद्याचा असा जाणकार आम्ही वकीलवर्गातही पाहिलेला नाही.

विकणारे चौधरी गावातच राहत होते. वृद्ध, सरळ बसणारे, हुक्का बाजूला सारून बोलणारे गृहस्थ. आम्ही नोटिशीचा विषय न काढता विचारले, “चौधरीजी, या शेतात मोल्या आहे हे आपल्याला माहीत होते?” ते म्हणाले, “होते.” आमच्या खिशातली नोटीस एका शब्दाने सिद्ध झाली. पण ते पुढे बोलले. “वकीलसाहेब, तुम्ही दोनदा आलात, तहसिलीपर्यंत आलात. जे कागद मागितलेत ते सगळे दिले. शेतात काय पिकते हे तुम्ही विचारले नाही, शेटजींनी विचारले नाही. माती कोणी पाहिली?”

मुक्कामावर परत आल्यावर आम्ही फाईल उघडली. राजस्थानात प्रत्येक हंगामाला गिरदावरी होते. कोणत्या खसऱ्यात, म्हणजे कोणत्या तुकड्यात, कोण कसतो आणि कोणते पीक उभे आहे हे पटवारी लिहून ठेवतो. महाराष्ट्रातील सातबाऱ्यातील बाराचा नमुना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. या तुकड्याच्या बारा वर्षांच्या गिरदावऱ्या आम्ही स्वतः मागविल्या होत्या आणि प्रत्येकीवर आमच्या हातची पेन्सिलीची खूण होती. आम्ही त्या पाहिल्या होत्या त्या कब्जासाठी. चौधरींचे नाव अखंड आहे ना, कोणा तिऱ्हाइताचे नाव मध्येच आले नाही ना, एवढेच पाहून पान उलटले होते. शेजारच्या रकान्यात पिकांची नावे होती. गहू, गहू, गहू, जव, गहू, पुन्हा गहू; मग एकाएकी तुकड्याचा निम्मा भाग पडीक; मग मोहरी, आणि विक्रीच्या वर्षी सबंध मोहरी. जो गावकरी असता त्याने हा रकाना वाचून तेथेच हात आखडता घेतला असता. मोहरीवर मोल्या पोसला जात नाही. चौधरींनी ती लबाडीने पेरली नव्हती, शहाणपणाने पेरली होती. पण मोहरीच्या पिवळ्या फुलांखाली ते शेत निर्दोष दिसत होते आणि आम्ही तर ते फुलही पाहिले नव्हते. ‘सामान्य काळजी घेऊनही जो दोष दिसला नसता’ हे कलमातले शब्द आता आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. दोष कागदावर होता. आमच्या खुणेशेजारी होता.

शेटजींना आम्ही हे जसेच्या तसे सांगितले आणि फी परत करू असे म्हटले. चिरंजीवांना आमचे मन बदलल्याचा संशय आला असावा; त्यांनी त्या दिवशी आम्हांस चहा विचारला नाही. शेटजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फी राहू द्या. देवीचे शेत चांगले करून द्या.” हा वकिलास दिलेला आदेश काही सरळ नव्हे. पण पालकाच्या जागी एकदा उभे राहिल्यावर नाही म्हणता आले नाही.

म्हणून आम्ही जयपूरजवळ दुर्गापुरा येथे गेलो. तेथील कृषिसंशोधन केंद्राने मोल्याला दाद न देणारे जव आणि गहू निर्माण केले आहेत, असे पुजाऱ्यांच्या पुतण्याने सांगितले होते. तेथे भेटलेल्या एका शास्त्रज्ञांस आम्ही विचारले की, ज्या गव्हास मोल्याचा त्रास होत नाही असा गहू आम्हांस पाहिजे. त्यांनी विचारले, “त्रास गव्हाला होऊ नये, की शेताला?”

आम्हांस प्रश्नच समजला नाही. तेव्हा त्यांनी जी फोड करून सांगितली, तीसाठीच खरे म्हणजे आम्ही हा लेख लिहावयास बसलो.

पिकांत दोन वेगळे गुण असतात आणि बोलण्यात आपण त्यांची गल्लत करतो. एक सहनशीलता. सहनशील वाणाच्या मुळांत कृमी शिरतात, पोसले जातात, अंडी घालतात. वाण मात्र तग धरतो, बरे पीक देतो. मालक खूश असतो. पण पीक निघाल्यावर मातीत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कोष उरलेले असतात. दुसरा गुण प्रतिकार. प्रतिकारक वाणाच्या मुळांतही पिले शिरतात, हे आम्हांस आश्चर्यकारक वाटले. दार बंद नसते. पण आत गेल्यावर जी पोसणारी पेशी तयार व्हावयाची, ती नीट तयार होत नाही किंवा लवकरच सुकून जाते. मादीची उपासमार होते, ठिपके दिसत नाहीत, नवे कोष मातीत पडत नाहीत. आणि आत शिरलेल्या पिलांनी मुळाला जी इजा केली ती झालेलीच असते. त्यामुळे एखादा वाण पूर्ण प्रतिकारक असूनही सहनशील नसतो. तो स्वतः थोडा खुरटतो, दाणा थोडा कमी देतो, आणि शेत मात्र स्वच्छ करून ठेवतो. दोन्ही गुण एका झाडात असले तर सोन्याहून पिवळे. पण ते नेहमी एकत्र येतात असे नाही.

भाडेकरूंचे खटले चालविणाऱ्या माणसास हे ऐकताना काय वाटले असेल, ते सांगावयास नको. दरमहा पहिल्या तारखेस भाडे आणून देणारा, कधी तक्रार न करणारा, आणि आतून छपराचे वासे वाळवीने पोखरले जात असता दार लोटून घेणारा भाडेकरू आम्ही पाहिलेला आहे. त्याच्या पावत्या पाहून घरमालक त्याची स्तुती करीत असतो. कायदाही या बाबतीत फारसा शहाणा नाही. त्याच १८८२ च्या अधिनियमात पट्टेदाराने मिळकत घेतली तशा चांगल्या स्थितीत परत करावी असे एकशे आठव्या कलमात म्हटले आहे. आणि थोडे पुढे जाऊन एकशे सतराव्या कलमात, राज्य सरकारने वेगळे जाहीर केले नसेल तर हे प्रकरण शेतीच्या पट्ट्यांस लागू नाही, असेही म्हटले आहे. म्हणजे घराचे छप्पर कायद्याला दिसले, जमिनीचे पोट दिसले नाही.

ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांसाठी वाणांची जी माहितीपत्रके निघतात, त्यांत सूत्रकृमींपुढे सहनशीलता आणि प्रतिकार असे दोन स्वतंत्र रकाने असतात. ऑस्ट्रेलियाचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. हाच कृमी दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या प्रांतांच्या गव्हालाही मोठा शत्रू होता, आणि त्यावरचे बरेच काम तेथे झाले. दुर्गापुऱ्याच्या ज्या गव्हाचे बी आम्ही शेवटी घेतले, त्याचे नाव ‘राज मोल्या रोधक एक’. त्याचा एक जनक आपल्याकडचा जे-२४ आणि दुसरा ऑस्ट्रेलियाच्या धान्यसंग्रहातला, ज्याला नाव नाही, केवळ क्रमांक आहे: एयूएस १५८५४.

हा क्रमांक आमच्या मनात बराच काळ घोळत राहिला. संग्रहात ठेवलेले असे शेकडो गहू कुंडीतल्या रोगट मातीत पेरावयाचे, दोन अडीच महिन्यांनी प्रत्येक झाड उपटून मुळे धुवावयाची आणि पांढरे ठिपके मोजावयाचे. ज्यावर नाहीत तो बाजूला ठेवावयाचा. बहुधा तो गहू इतर सर्व दृष्टींनी निरुपयोगी असतो. उंच वाढून लोळणारा, उशिरा पिकणारा, दाणा बारीक. मग त्याचा संकर चांगल्या गव्हाशी, संततीची पुन्हा कुंडीत परीक्षा, पुन्हा चांगल्या गव्हाशी संकर. प्रत्येक पिढीला एक हंगाम. नांगराचा, खताचा, औषधाचा परिणाम त्याच वर्षी दिसतो. येथे दहा-बारा वर्षे मुळे धुण्यात जातात. स्वीडनमधील निल्सन-एले यांनी जवाच्या काही वाणांत हा प्रतिकार १९२० च्या सुमारासच पाहिला होता. गव्हाच्या रानटी भाऊबंदांतूनही, एजिलॉप्स टाउशी नावाच्या गवतातून, तो घेतला गेला आहे. आणि एवढे करूनही एका देशात पूर्ण गुण देणारे जनुक दुसऱ्या देशातल्या त्याच जातीच्या कृमीपुढे निष्प्रभ ठरू शकते. कृमींतही पोटभेद आहेत. वकिलाने यास अधिकारक्षेत्राचा प्रश्न म्हणावे.

ऑस्ट्रेलियातलीच एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तिच्यातला कृमी वेगळा आहे. क्वीन्सलँड प्रांतात डार्लिंग डाउन्स म्हणून काळ्या मातीचा मुलूख आहे. तेथे मुळांवर जखमा करीत फिरणारा प्रॅटिलेंकस थॉर्नेई नावाचा सूत्रकृमी आहे. गॅचर नावाच्या गव्हाचे एक शेत त्याने अगदी बसविले होते. त्या मेलेल्या शेतात काही मोजकी झाडे मात्र ताठ उभी होती. थॉम्पसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती झाडे एकेक करून वेचली, त्यांचे बी वेगवेगळे ठेवले, पुन्हा पेरले, पुन्हा पारखले. त्यांतून एक वंश निघाला, ज्याच्या मुळांत कृमींची वाढ पुष्कळ कमी होते. गॅचरमधली निवड म्हणून त्याचे नाव ‘जी. एस. ५० ए’, आणि पुढच्या कित्येक संकरांत तो प्रतिकाराचा दाता झाला. शेत बुडाले म्हणून शेतकरी तोंड फिरवून परत गेला असता, तर ते झाड इतरांबरोबर कापणीत गेले असते.

औषधाचा मार्ग नव्हता असे नाही. मातीत मिसळावयाची कृमिनाशके एके काळी भरपूर वापरात होती. त्यांपैकी एक, डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, बनविणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्यातले कामगार निर्बीज झाल्याचे १९७७ साली उघड झाले. देवीच्या शेतासाठी आम्ही त्या वाटेस गेलो नाही. आणि सात बिघे माती औषधाने भरण्याचा खर्च ऐकून शेटजीही गेले नसते.

दुर्गापुऱ्याहून आम्ही एक कागद घेऊन आलो. २०१७ च्या मे-जूनमध्ये शेत दोनदा खोल नांगरून उन्हात उघडे टाकले. त्या हिवाळ्यात मोहरी. २०१८ च्या हिवाळ्यात तेथलाच प्रतिकारक जव, आर. डी. २०५२. त्याच्या पुढच्या वर्षी हरभरा. मग गहू, तोही रोधक. तीन वर्षे देवीच्या शेतात गहू नाही, हे शेटजींस सांगणे आम्हांस जड गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “नैवेद्यासाठी शेत घेतले आणि नैवेद्य बाजारच्याच गव्हाचा!” तोडगा पुजाऱ्यांनी काढला. ते म्हणाले, जव हे तर हविष्यान्न आहे, होमाला तेच लागते, नवरात्रात देवीपुढे तेच उगवितो. गव्हाचा हट्ट आपला आहे, देवीचा नाही. २०१९ च्या चैत्री नवरात्रात त्या शेतातल्या जवाचा नैवेद्य झाला. जव उत्तम उतरला होता असे म्हणवत नाही. चट्ट्यांच्या जागी तो दबलेलाच होता. शेजारच्या शेतातल्या साध्या गव्हाकडे पाहून चिरंजीवांनी आम्हांस एक अक्षरही न बोलता बरेच काही ऐकविले. शेजारच्या त्या शेतात खतपाणी भरपूर होते आणि गहू दृष्ट लागण्यासारखा होता. आम्ही बांध ओलांडून त्यातले एक झाड उपटून पाहिले. मुळावरचे ठिपके मोजण्यापलीकडे होते. जवाच्या मुळांवर शोधूनही दोन-तीनच सापडले.

वारा वाहतो, वाळू उडते, पाट एका शेतातून दुसऱ्यात जातो. बांध हा खरेदीखतात असतो. त्या शेजाऱ्यास आम्ही हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, माझ्या शेतात तर गहू चांगला येतो. खोटे नव्हते. त्याच्या मुलाच्या वाट्याला ते शेत आल्यावर काय येईल, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

आमच्या कचेरीतील तपासणीच्या नमुन्यात आता एक ओळ वाढली आहे. गिरदावरीतला पिकाचा रकाना स्वतंत्र उतरवून घ्यावा, आणि पीक एकाएकी बदलले असेल तर कारण विचारावे. कारकून कुरकुरतो. एका तरुण सहकाऱ्याने, हे कोणत्या कलमाखाली, असे विचारले. त्यास आम्ही फाईल वाचावयास दिली.

२०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. देवीच्या शेतात गहू एकसारखा उभा होता. जुने चट्टे कोठे होते ते आम्हांस दाखवावे लागले. शेटजी, चिरंजीव, पुजारी आणि चौधरी सर्व बांधावर होते. चौधरींनी स्वतः खुरपे आणले होते. जुन्या चट्ट्यांच्या जागेवरची दहा झाडे काढून पाटात धुतली. नऊ मुळे स्वच्छ निघाली. दहाव्यावर चिरंजीवांनी बोट ठेवले. तीन पांढरे ठिपके होते. कोणी काही बोलले नाही. चिरंजीव ते झाड सवयीने बांधापलीकडे भिरकावणार, तोच पुजाऱ्यांनी त्यांचा हात धरला. मूळ आपल्या उपरण्याच्या टोकात मातीसकट बांधले आणि नैवेद्याच्या स्वयंपाकासाठी पेटविलेल्या चुलीत टाकावयास ते देवळाकडे घेऊन गेले.